पस्तीस चौरस मीटरचा प्लॉट आणि साडेसहा हजार घरं

इंदूरहून देवासकडे निघालं की आग्रा रस्त्यालगत अरण्य नावाची वसाहत लागते. वरवर पाहिलं तर वाढत्या शहराच्या कडेला असते तशीच वस्ती. दुमजली-तिमजली घरं, बाहेरून चढलेले जिने, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, तळमजल्यावर कुठे किराणा तर कुठे शिंप्याचं मशीन. पण याच वसाहतीला १९९५ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तिचे शिल्पकार बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तेव्हाही त्यांच्या मोजक्या महत्त्वाच्या कामांत अरण्यचं नाव होतं. साडेसहा हजारांवर घरं आणि ऐंशी हजारांहून अधिक रहिवासी असे तिचे आकडे त्या वेळी जगापुढे आले. वसाहतीचं क्षेत्र सुमारे ८५ हेक्टर, म्हणजे जेमतेम २१० एकर. हेक्टरी नऊशेच्या वर माणसं झाली, आणि तीही मूळ आराखड्यात उंच टॉवर नसताना.

शहरं पसरताहेत आणि प्रत्येक मोठ्या शहराच्या वेशीवर नवी उपनगरं आखली जाताहेत. अशा वेळी अरण्यचा अभ्यास केवळ वास्तुविशारदांनी करून भागणार नाही. नव्या वस्तीत किती माणसं मावतील आणि कोणकोणत्या ऐपतीची माणसं शेजारी राहतील, या दोन्ही गोष्टी पहिली वीट बसायच्या कितीतरी आधी ठरतात. जमिनीच्या नकाशावर प्लॉट पाडणारी रेघ ओढली जाते, तेव्हाच त्यांचा निकाल लागलेला असतो. अरण्यमध्ये ही रेघ फार विचारानं ओढली गेली.

काम सुरू झालं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. इंदूर हे कापडगिरण्यांचं आणि व्यापाराचं शहर. कामाच्या शोधात येणाऱ्यांची रीघ होती आणि झोपडवस्त्या वाढत होत्या. शहराच्या मध्यापासून साधारण सहा किलोमीटरवरची ही जमीन इंदूर विकास प्राधिकरणानं वसाहतीसाठी निवडली. प्रकल्पाला हुडको या सरकारी गृहवित्त संस्थेचं आणि जागतिक बँकेचं पाठबळ होतं. आराखड्याचं काम दोशींच्या अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे आलं.

गरिबांच्या घरांसाठी तेव्हा सरकारी खात्यांकडे एक ठरलेला साचा होता. एकाच मापाच्या खोल्यांच्या तीन-चार मजली इमारती रांगेनं उभ्या करायच्या आणि चाव्या वाटायच्या. दुसरा मार्ग सुविधांसह भूखंड देण्याचा. सरकारनं रस्ता, नळ, गटार आणि वीज करून द्यावी, घर ज्याचं त्यानं बांधावं. अरण्यनं हा दुसरा मार्ग धरला. पण या मार्गातही एक खोट होती. भूखंड बहुधा एकाच मापाचे, एकाच दिशेला, पट्टीनं आखल्यासारखे पाडले जात. गरिबांची वस्ती एका टोकाला आणि मध्यमवर्गाची दुसऱ्या टोकाला पडे. बाजार, नोकरी, शाळा यांपासून गरिबांचं टोक बहुतेक वेळा लांबच असे.

हा साचा मोडायचा तर लोक स्वतःच्या मनानं कसे राहतात, हे आधी पाहायला हवं होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या अल्पखर्ची घरांच्या अभ्यासकेंद्रानं वास्तुशिल्प फाउंडेशनच्या साथीनं इंदूरच्या झोपडवस्त्यांची बारकाईनं मोजणी केली. १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. मोजपट्टी घेऊन गल्ल्या मोजल्या, ओटे मोजले, झाडं कुठे लावली आहेत ते टिपलं, चहाची टपरी, देवळी, सायकल, हातगाडी यांच्या जागा कागदावर उतरवल्या. त्यातून दिसलं ते नगररचनेच्या नियमावलीशी जुळणारं नव्हतं. कुणी नियोजन न केलेल्या या वस्त्यांत प्लॉट कमालीचे लहानमोठे होते. ज्याची जशी गरज आणि ऐपत, तशी त्याची जागा. गल्लीची रुंदीही सारखी नव्हती. चार घरांपुरती ती आकसे आणि वळणावर फुगून तिचा छोटा चौक होई. घरासमोरचा ओटा हेच कामाचं ठिकाण. विडी वळणं, धान्य निवडणं, शिवणकाम आणि संध्याकाळच्या गप्पा सगळं तिथेच चाले. नियोजित वसाहतींत नेमकं हेच सापडत नव्हतं. मला या कामाचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं. ज्या वस्त्यांकडे नगररचनाकार पुसून टाकायची चूक म्हणून पाहत होते, त्यांच्याकडे इथे धडा म्हणून पाहिलं गेलं.

आता आराखडा पाहू. वसाहतीच्या मधोमध बाजार आणि कचेऱ्यांचा कणा ठेवला. त्याच्या दोन्ही अंगांना सहा सेक्टर आखले आणि प्रत्येकात साधारण सात ते बारा हजार लोकवस्ती धरली. हिरवे पट्टे सेक्टरांमधून या कण्याकडे येतात. त्यामुळे पायी चालणाऱ्याला वाहनांचा रस्ता फारसा न ओलांडता बाजार गाठता येतो. रांगा अशा मांडल्या की घरांची तोंडं शक्यतो उत्तर-दक्षिण यावीत. माळव्यातला उन्हाळा पाहता पूर्व-पश्चिमेच्या उन्हापासून भिंती वाचवणं गरजेचंच होतं.

प्लॉटपैकी सुमारे ६५ टक्के अत्यल्प उत्पन्न गटासाठी होते आणि उरलेले अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न गटांसाठी. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरच्या आसपास, तर सर्वांत मोठे त्याच्या दहापटीहून अधिक. मोठे प्लॉट हमरस्त्याला, मधल्या कण्याला आणि सेक्टरांच्या कडांना लावले. लहान प्लॉट प्रत्येक सेक्टरच्या पोटात ठेवले. म्हणजे गरिबांसाठी वेगळा सातवा सेक्टर काढला नाही. सहाही सेक्टरांत सगळ्या ऐपतींची माणसं आली.

या मांडणीमागे पैशाचंही गणित होतं. रस्त्यालगतच्या मोठ्या प्लॉटना आणि दुकानांच्या जागांना बाजारात चढा भाव येतो. तो नफा आतल्या लहान प्लॉटची किंमत खाली आणायला वापरला. गरीब कुटुंबानं सुरुवातीला भरायची रक्कम त्याच्या उत्पन्नावरून ठरली आणि बाकी कर्ज मासिक हप्त्यांनी फेडायचं होतं. विविधता ठेवणं ही दानधर्माची बाब नाही, हे यातून स्पष्ट दिसतं. मोठे प्लॉट नसते तर लहान प्लॉट परवडले नसते. आणि लहान प्लॉट नसते तर त्या बंगल्यांत आणि दुकानांत काम करणारी माणसं रोज लांबून ये-जा करत बसली असती.

एका लहान प्लॉटजवळ थोडं थांबू या. कुटुंबाला मिळे ते काँक्रीटचं जोतं, शौचालय, न्हाणीघर, पाण्याचा नळ, वीज आणि एक खोली. दहा घरांचा एक पुंजका, तो गल्लीवर उघडणारा. घरामागे अंगण. वीस घरांमागे एक सेप्टिक टँक. शौचालयं आणि नळ एकत्र आणले की नळ्यांची लांबी कमी होते आणि चेंबर कमी लागतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बाबीतच लहान प्लॉट परवडण्याची निम्मी किल्ली असते. घर आणि गल्ली यांच्या मध्ये साधारण अर्ध्या मीटरची पट्टी मुद्दाम सोडलेली. तिथे मालकानं ओटा घालावा, जिना चढवावा, वर सज्जा काढावा. दोशींनी ८० घरं नमुन्यादाखल बांधून दाखवली. त्यांत एका खोलीपासून ऐसपैस घरापर्यंत सगळे प्रकार होते. त्यांत बाहेरून चढणारा जिना पुन्हा पुन्हा येतो. कारण उघड आहे. वरची खोली उद्या बांधली तर ती मुलाच्या संसाराला देता येते किंवा भाड्यानं लावता येते, आणि भाडेकरूला मालकाच्या घरातून जावं लागत नाही. बांधकामाला काय वापरायचं याची सक्ती नव्हती. वीट, दगड, सिमेंट, जे जमेल ते.

पुढे वसाहत वाढली ती या जिन्यांवरून. आधी जोतं आणि खोली, मग स्वयंपाकघर, मग वरचा मजला, मग पुढच्या खोलीत दुकान. विविधता आराखड्यातून सुरू झाली आणि पुढे ती रहिवाशांनीच वाढवली. घनताही तशीच आली. पहिल्या दिवशी माणसं विरळ होती. कुटुंबं मोठी झाली आणि भाडेकरू आले तशी ती दाट होत गेली. नळ-गटाराची सोय आधीच झालेली असल्यानं हे शक्य झालं.

दोशींचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. फर्निचरचा व्यवसाय असलेलं एकत्र कुटुंब. माणसं वाढतील तसं घरही खोल्या आणि मजल्यांनी वाढत जाताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते पॅरिसला वास्तुविशारद ल कॉर्बुझिएकडे गेले. तरी घर कधी पुरं होत नसतं ही पुण्याच्या घरातली समज त्यांच्या कामात टिकून राहिली. अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी १९७०च्या दशकात त्यांनी केलेली वसाहत याचाच दुसरा नमुना आहे. तिथे एकाच इमारतीत तीन मापांची घरं एकावर एक आहेत. सर्वांत मोठं तळाला, सर्वांत लहान माथ्यावर. वर जाताना इमारत अरुंद होत जाते, त्यामुळे वरच्या घरांना गच्ची मिळते आणि पुढे तिथे खोली वाढवता येते. कारकून आणि अधिकारी एकाच जिन्यानं वर-खाली करतात. आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांत 'ए' विंग टू-बीएचकेची, 'बी' विंग थ्री-बीएचकेची अशी वाटणी असते. तिच्याशी हे ताडून पाहावं.

महाराष्ट्राला अरण्यच्या जोडीचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी ती वसाहत केली. नवी मुंबईची कल्पनाच मुळी १९६०च्या दशकात कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे पहिले मुख्य वास्तुविशारद झाले. बेलापूरला त्यांच्यापुढे साडेपाच हेक्टरांच्या आत सुमारे ५५० कुटुंबांची सोय करायची होती. हेक्टरी शंभर घरं बसवायची म्हटली तर कुणीही चार मजली चाळी काढल्या असत्या. कोरियांनी प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र प्लॉटवर स्वतंत्र घर दिलं आणि कुणाची भिंत कुणाशी सामाईक ठेवली नाही. सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचं एक अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये बारा बाय बाराचा मोठा चौक. असे तीन मोठे गट मिळून त्याहून मोठी मोकळी जागा. घर वाढलं तरी अंगण सगळ्यांचं असल्यानं ते कुणाला गिळता येत नव्हतं. प्लॉटचं माप मात्र त्यांनी ४५ ते ७५ चौरस मीटर इतक्या अरुंद पट्ट्यात ठेवलं. श्रीमंत आणि गरीब यांच्या जमिनीत फार अंतर नसावं, असं त्यांचं मत होतं.

इथे दोशी आणि कोरिया यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि दोघांच्याही बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. कोरियांची समता मनाला भिडते, पण महागड्या प्लॉटच्या नफ्यातून स्वस्त प्लॉट उभे करण्याची सोय तिच्यात राहत नाही. माझं मत दोशींच्या बाजूला झुकतं.

आता घनतेबद्दल. हा शब्द निघाला की आपल्याकडे लगेच एफएसआय वाढवण्याची भाषा सुरू होते. ज्यांनी मुंबईला देशातला पहिला उड्डाणपूल, केम्प्स कॉर्नरचा, दिला ते स्थापत्य अभियंता शिरीष पटेल या गैरसमजावर वर्षानुवर्षं लिहीत राहिले. एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, सांगतो तो प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम झालं एवढंच. दाटी किती हे कळायचं तर दरडोई घरातली जागा किती आणि दरडोई रस्ते, मैदानं, बागा किती, हे दोन्ही पाहावं लागतं. एकाच एफएसआयमध्ये एका ठिकाणी आजी-आजोबा आणि त्यांचा कुत्रा राहतो, तर दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याच जागेत तीन कुटुंबं राहतात. रस्त्यावर पडणारा भार दोन्हीकडे सारखा कसा असेल?

दुसरं गणित तर आणखी सोपं आहे. समजा हजार कुटुंबांना प्रत्येकी ५० चौरस मीटर बांधकाम हवं आहे. एफएसआय १ असेल तर घरांना ५ हेक्टर जमीन लागेल, २ असेल तर अडीच, ४ असेल तर सव्वा हेक्टर. पण याच हजार कुटुंबांना रस्ते, शाळा, मैदान, दवाखाना, बाजार लागणार. त्याला समजा १० हेक्टर धरले. इमारत उंच झाली म्हणून शाळेतली मुलं काही कमी होत नाहीत. मग एकूण जमीन लागते १५, साडेबारा आणि सव्वाअकरा हेक्टर. एफएसआय चौपट केला, पण जमीन वाचली ती चौथा हिस्साच. बदल्यात लिफ्ट आली, पंप आला, दर महिन्याचा मेन्टेनन्स आला, आणि घर हळूहळू वाढवण्याची वाट कायमची बंद झाली. टॉवर उभे करून हिशेबात जी मोठी बचत दिसते, ती बहुतेक ठिकाणी मैदान आणि शाळेची जागा खाऊन केलेली असते. दोन-तीन मजली, दाट, पण अंगणं राखलेली वस्ती बऱ्याच मोठ्या लोकसंख्येला पुरते. बेलापूर आणि अरण्य ही त्याची उभी साक्ष आहे. मुंबई बेटासारख्या चिंचोळ्या जागेचं गणित वेगळं असू शकतं. शहराबाहेर नव्यानं आखल्या जाणाऱ्या उपनगराला मात्र तोच न्याय लावण्याचं कारण नाही.

या दोन्ही वसाहतींत सगळं ठरल्याप्रमाणे झालं, असं नाही. अरण्यमध्ये काही मूळ कुटुंबांनी प्लॉट विकले आणि अधिक ऐपतीचे लोक आले. मागची अंगणं अनेकांनी खोल्यांनी भरून टाकली. दोशींनी बांधलेली नमुना-घरंही आज फारशी ओळखू येत नाहीत. बेलापूरला कोरियांची उतरत्या कौलारू छपरांची किती तरी घरं पाडली गेली आणि त्या जागी तीन-चार मजली बंगले आले. याकडे पराभव म्हणून पाहणारे आहेत. मी तसं पाहत नाही. घरं बदलली, पण रस्त्यांची वीण, चौक आणि सामाईक अंगणं टिकली. लहान प्लॉट लहानच राहिल्यानं तिथे टोलेजंग इमारत घुसू शकली नाही. गरिबाला वाढत्या किमतीच्या मोहापासून किंवा गरजेपासून वाचवण्याचं काम मात्र केवळ नकाशा करू शकत नाही. त्यासाठी भाड्याची घरं, सहकारी मालकी आणि विक्रीवर काही वर्षांची बंधनं असे वेगळे उपाय लागतात.

आराखड्यात लहान घरांना जागाच ठेवली नाही तर काय होतं, हे नवी मुंबईत लख्ख दिसतं. नियोजित सेक्टरांत मध्यमवर्ग राहतो आणि घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, दुकानातली पोरं यांना परवडणारी खोली बहुधा मिळते ती गावठाणात. सिडकोच्या क्षेत्रात ९५ गावं आली होती. भूसंपादनाविरुद्धच्या १९८४च्या जासईच्या आंदोलनात शेतकऱ्यांचं रक्त सांडलं. त्यानंतरच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन भूमिपुत्रांना परत मिळाली. त्या जमिनीवर आणि जुन्या गावठाणांत उभ्या राहिलेल्या घरांनी शहराच्या आराखड्यात राहून गेलेली लहान घरांची उणीव भरून काढली. नियमात बसत नाहीत म्हणून ही घरं आज डोळ्यांत खुपतात. पण ती नसती तर सेक्टरांचं रोजचं काम अडलं असतं.

महाराष्ट्रात २०१३ पासून सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट केला तर वीस टक्के हिस्सा ३० ते ५० चौरस मीटरच्या लहान भूखंडांसाठी किंवा घरांसाठी राखून ठेवावा लागतो. म्हाडाच्या सोडतीत 'वीस टक्के योजना' म्हणून दिसतात ती हीच घरं. अरण्यच्या ६५ टक्क्यांपुढे हे प्रमाण लहान आहे, तरी दिशा योग्य आहे. प्रश्न ती वीस टक्के घरं लेआउटमध्ये कुठे बसतात हा आहे. ती मागच्या कोपऱ्यात, नाल्याच्या कडेला, वेगळ्या फाटकाआड ढकलली गेली तर नियम पाळला जातो आणि हेतू मात्र मरतो.

आपल्या गावाशेजारी नगररचना योजना किंवा विकास आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. बहुतेक जण फक्त आपल्या सातबाऱ्यावर आरक्षण पडलं का एवढंच पाहून परततात. पुढच्या वेळी तो नकाशा थोडा अधिक वेळ उलगडून ठेवा. प्लॉट किती मापांचे आहेत ते मोजा. सर्वांत लहान प्लॉट कुठे आहेत ते पाहा. तिथून शाळा, बाजार आणि बसथांबा पायी किती लांब आहे ते पट्टीनं मोजा. सगळे लहान प्लॉट एकाच टोकाला दिसले, तर लेखी हरकत द्या. त्या टप्प्यावर एका अर्जानं बदलू शकणारी रेघ नंतर पन्नास वर्षं बदलत नाही.